आबांची मोट आणि एकविसावं कलम

परवा ओझरला गेलो होतो. विघ्नहराचं दर्शन घेतलं, कुकडीच्या काठावर जरा टेकलो आणि घरी येऊन बघतो तर ओसरीवर वाटणीपत्र उघडलेलं! आमच्याकडे हा कागद कपाटाबाहेर आला की समजायचं, विहिरीवरून वाजलंय.

आजोबांनी, म्हणजे आबांनी, १९६४ साली जमीन दोन मुलांत वाटली आणि विहीर सामाईक ठेवली. कागदात एक ओळ आहे: थोरल्याने चार दिवस व धाकट्याने चार दिवस मोट चालवावी. मोट म्हणजे बैलांनी ओढायची कातड्याची मोठी बादली. बैल दमले की मोट थांबायची आणि रात्रीतून विहीर पुन्हा भरायची. पाण्याचा हिशोब बैलच ठेवायचे म्हणा ना. आता तिथे चुलतभावाने साडेसात एचपीची मोटर बसवली आहे. त्याचे चार दिवस संपतात तेव्हा तळ दिसतो आणि आमच्या पाळीला येतो गाळ.

चुलतभाऊ म्हणाला, "दादा, कागदात चार दिवस लिहिलेत. पाणी किती ते कुठे लिहिलंय, दाखव." वडील म्हणाले, "आबांच्या मनात निम्मं-निम्मं होतं." मी अर्थातच वडिलांच्या बाजूने. (पाणी आमचं जात होतं ना!)

गंमत म्हणजे अमेरिकेतले न्यायाधीश राज्यघटनेवरून साधारण हाच वाद घालतात. त्याला ओरिजिनॅलिझम म्हणतात. आपण मूळार्थवाद म्हणू. त्यातही दोन घरं आहेत. एक म्हणतं, घटना लिहिणाऱ्यांच्या मनात काय होतं ते शोधा. दुसरं, न्या. अँटोनिन स्कालियांचं, म्हणतं की मनातलं सोडा, त्या काळी लोकांना शब्दांचा जो अर्थ कळायचा तो धरा. २०२२ साली तिथल्या सुप्रीम कोर्टाने बंदुकीवरचं न्यूयॉर्कचं बंधन याच वाटेने रद्द केलं. असले निर्बंध तिथल्या जुन्या इतिहासात बसतात का, हे तपासून. ही रीत आमच्या विहिरीला कडक लावली तर दोघांच्याही मोटरी बंद आणि बैल आणा! (मूळार्थवादी म्हणतील, जुना अर्थ नव्या वस्तूलाही लावता येतो. मान्य. पण मग दिवस मोजायचे की पाणी, हा घोळ तसाच राहतो.)

आपल्याकडे या वादाची खरी कसोटी लागली ती एकविसाव्या कलमावर. मूळ मसुद्यात 'ड्यू प्रोसेस' होतं, म्हणजे कायदाच न्याय्य आहे का हेही कोर्टाने बघायचं. घटना समितीचे सल्लागार बी. एन. राव १९४७ साली अमेरिकेत न्या. फ्रँकफर्टर यांना भेटले. कोर्टाला एवढा अधिकार देऊ नका, असं त्यांचं मत पडलं. शब्द बदलून 'कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती' असे झाले. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत त्यावर वाद झाला. बाबासाहेबांनी आपल्याला यात निर्णय करणं अवघड जातंय हे कबूल केलं, पण बदल कायम राहिला. म्हणजे इथे मनात काय होतं याचा तर्क करायला नको, सगळं नोंदलेलं आहे.

१९५० साली ए. के. गोपालन यांना विनाचौकशी तुरुंगात ठेवलं, तेव्हा कोर्टाने बहुमताने तसंच वाचलं: संसदेने कायदा केलाय ना, झालं. न्या. फझल अली यांनी मात्र वेगळं मत दिलं. पुढे १९७८ साली मनेका गांधी यांच्या पासपोर्टच्या खटल्यात कोर्ट म्हणालं, कार्यपद्धती न्याय्य आणि वाजवीही हवी. घटनाकारांनी दारातून बाहेर काढलेलं खिडकीतून आत आलं! मला हे योग्यच वाटतं. पण माझ्या विहिरीच्या युक्तिवादाचं काय, हा प्रश्न तिथेच ओसरीवर छळायला लागला.

या गोष्टीत आमच्या शेजारच्या खेड तालुक्यातलं कन्हेरसरही येतं, चंद्रचूडांचं मूळ गाव. आणीबाणीत, १९७६ साली, अटकेविरुद्ध कोर्टात जाता येणार नाही असं म्हणणाऱ्या चौघांत न्या. य. वि. चंद्रचूड होते, एकटे न्या. खन्ना विरोधात. २०१७ साली खासगीपणाच्या खटल्यात त्यांचेच चिरंजीव न्या. धनंजय चंद्रचूड यांनी तो निकाल चुकीचा होता असं लिहिलं. वडिलांचा कागद मुलाने पुन्हा वाचला.

हे सगळं मी मोठ्या उत्साहाने सांगत होतो. आत्या कोपऱ्यात शेंगा फोडत बसली होती. यजमान गेल्यापासून ती इथेच असते आणि आमच्या पाळीतल्या पाण्यावर चार वाफे मेथी-कोथिंबीर करते. वाटणीपत्रात तिचं नावसुद्धा नाही. ती म्हणाली, "आबांच्या मनात काय होतं ते मला विचारा की. मी त्यांच्या मनात नव्हतेच."

वडील काही बोलले नाहीत. मी तर नाहीच. इतका वेळ 'आबांचा हेतू, आबांचा हेतू' करत होतो, आणि तोच हेतू पुरता पाळायचा तर आत्याची मेथी पहिल्यांदा वाळली असती.

संध्याकाळी चुलतभाऊच स्टॅम्पपेपर घेऊन आला. दिवसांऐवजी तास लिहायचे, आत्यालाही पाळी द्यायची, इथपर्यंत गाडी आली. मग तो म्हणाला, "उद्या कुणी सोलर पंप बसवला तर? तो रात्री चालत नाही. तास कसे धरायचे?" त्यावरून पुन्हा तासभर.

मी पुण्याला निघालो तेव्हा कागद कोराच होता. आत्याने पिशवीत मेथीच्या दोन जुड्या घातल्या.