जलाशयावरील चार घटका

हल्ली सुटीचे दिवस आले म्हणजे पुष्कळ घरांतून एक नवा बेत ऐकू येतो. देवदर्शन झाले, मामाचे गाव झाले; आता कोठेतरी धरणाच्या पाण्यावर होडीतून फिरून यावे, जमल्यास गळही टाकून पाहावा, असा तरुण मंडळींचा आग्रह असतो. वडील मंडळी प्रथम नको म्हणतात आणि मग नातवंडांची तोंडे पाहून स्वतःच पुढच्या फळीवर जाऊन बसतात. या बेताविरुद्ध आम्हांस काही म्हणावयाचे नाही. ज्यांचे बालपण नदीकाठी गेले नाही अशा मुलांस मोठ्या पाण्याची ओळख व्हावी, हे इष्टच आहे. परंतु विहिरीत पोहता येणे ही एक विद्या आणि मोठ्या जलाशयावर जाणे ही दुसरी. पहिली येते म्हणून दुसरीही येते असे समजणारे गृहस्थ आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. आम्ही स्वतः काही नावाडी नव्हे. पण आमच्या शिक्षकी पेशाची बरीच वर्षे उजनीच्या पाण्याकाठच्या गावांतून गेली. वर्गात भोयांची मुले असत; त्यांना आम्ही जितके व्याकरण शिकविले, त्याहून अधिक पाणी त्यांच्या वडिलांनी आम्हांस शिकविले. त्या शिकवणीतील जे स्मरते ते येथे सांगावे असा विचार आहे.

उजनीचे धरण भीमा नदीवर, सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यात आहे. ते १९८० साली पुरे झाले. त्याचा साठा सुमारे ११७ अब्ज घनफूट. त्यातील निम्म्याहून अधिक पाणी हा मृतसाठा होय. पण उन्हाळ्यात तेही वापरावे लागते, आणि मग वर्तमानपत्रांत 'उजनी उणे इतके टक्के' अशी चमत्कारिक भाषा छापून येते. होडीत बसणाऱ्याने हा आकडा वाचून जावे. कारण पाणी उतरले की काठ मागे हटतो आणि मधल्या पट्ट्यात गाळ उघडा पडतो. वरून वाळलेला, भेगाळलेला, आत मात्र लोण्यासारखा. मुले धावत सुटतात आणि गुडघ्याएवढी रुततात. शिवाय या पाण्याखाली गावे आहेत. पळसदेवचे जुने देऊळ पाणी ओसरले म्हणजे वर येते, ते पाहावयास लोक गर्दी करतात. परंतु जे वर येत नाही, पाण्याखाली हातभर अंतरावर असते, त्याचा विचार कोणी करीत नाही. विहिरींची तोंडे, वाड्यांच्या भिंती, बाभळींचे बुंधे हे सर्व तेथेच आहे. ते कोठे आहे हे स्थानिक नावाड्यास ठाऊक असते, आणि शहरातून गाडीवर स्वतःची रबरी होडी बांधून आणणाऱ्यास ठाऊक नसते. तेव्हा पहिला नियम हाच की, परक्या जलाशयावर स्वतःची होडी स्वतः नेऊ नये. तिथला माणूस सोबत घ्यावा.

आता वाऱ्याविषयी, कारण खरे भय पाण्याचे नसून वाऱ्याचे आहे. जमिनीवर वाऱ्यास झाडे, घरे, टेकड्या यांचा अडथळा असतो. चार-पाच मैल उघड्या पाण्यावर त्यास अडविणारे काहीच नसते. वाऱ्यास जितके लांब पाणी मोकळे मिळेल तितकी लाट मोठी होते. समुद्राच्या लाटेस लांबी असते, होडी तीवर चढते आणि उतरते. तलावाची लाट आखूड व उभी, एकीवरून सावरण्यापूर्वी दुसरी येऊन आदळते. आणखी एक फसवणूक अशी की, वारा आपल्या पाठीकडून पाण्याकडे वाहत असला तर काठालगतचे पाणी अगदी शांत दिसते. मनुष्य त्या शांततेवर विश्वासून आत जातो. अर्ध्या मैलावर गेल्यावर त्यास कळते की, आता परत यावयाचे ते तोंडावर वारा घेऊनच, आणि हात तर वल्हे मारून दमलेले आहेत.

चैत्र-वैशाखातील वळिवाची तऱ्हा याहून वेगळी. दुपारी हवा कोंडते, पान हलत नाही, पाणी तेल ओतल्यासारखे पडून असते. मग पश्चिमेस वा नैर्ऋत्येस ढगांचे मनोरे उभे राहतात. पाऊस येण्याआधी त्या ढगातून थंड वाऱ्याचा लोट खाली कोसळतो आणि जमिनीवरून धावत येतो. त्याची पहिली खूण पाण्यावर दिसत नाही. ती पैलतीरावर दिसते. तेथील माळावरून धुळीची भिंत उठलेली दिसली की आपल्या हाती फार थोडी मिनिटे उरली, असे समजावे. २१ मे २०२४ रोजी सायंकाळी करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे येणारी होडी अशाच सोसाट्याच्या वाऱ्यात उलटली. एक गृहस्थ पोहून काठास लागले; बाकीचे सहा जण बुडाले, त्यांत लहान मुलेही होती. ही मंडळी सहलीस निघालेली नव्हती. दोन्ही काठांवरच्या लोकांची ती रोजची वाट. रस्त्याने जावे तर मोठा वळसा पडतो. ज्यांस असा वळसा वाचविण्याची गरज नाही, ज्यांस केवळ मौज करावयाची आहे, त्यांनी वैशाखात सूर्योदयास निघावे आणि दहाच्या आत काठावर येऊन न्याहारी करावी. दुपारनंतर होडीचा विचारच करू नये.

येथे नावाड्याविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. नावाडी 'आज नको' म्हणतो तेव्हा त्याचे त्या दिवसाचे भाडे बुडते. म्हणजे खरे बोलण्याचा दंड त्यास भरावा लागतो, आणि आपण शहरची दहा-अकरा माणसे त्याच्याभोवती उभी राहून त्याने खोटे बोलावे असा आग्रह करीत असतो. आम्ही एकदा कुटुंबासह गेलो होतो. धाकटे बंधू, सूनबाई, मुले आणि पुण्याहून आलेले आमचे जावईबापू. वाटेत गाडी बिघडल्याने पोहोचावयास चार वाजले. नावाडी आमच्या जुन्या विद्यार्थ्याचा चुलता. त्याने आकाशाकडे पाहिले आणि म्हणाला, "गुरुजी, आज न्हाई जमायचं. वारं कोंडलंय." जावईबापू म्हणाले, "अहो, पाणी तर आरशासारखे आहे. दादा, दुप्पट देतो, अर्ध्या तासात फिरवून आणा." नावाडी आमच्याकडे पाहू लागला. दुप्पट पैसे ही त्याच्या घरी लहान गोष्ट नव्हती. आम्ही जावईबापूंस म्हटले, "तुम्ही आमचे पाहुणे, पण येथे यजमान हे आहेत." आणि ठरलेले भाडे त्याच्या हातावर ठेवून मंडळी परत फिरविली. त्या सायंकाळी वादळ आले नाही. ढग पांगले, चांदणे पडले, आणि जावईबापू घरी येईपर्यंत मिश्कील हसत होते. नातवंडे तर दोन दिवस आमच्याशी नीट बोलली नाहीत. असो. आमचे मत तेव्हाही तेच होते आणि आजही आहे: भाडे ठरवितानाच स्पष्ट सांगावे की, 'हवा पाहून तुम्ही नको म्हणालात तरी पैसे मिळतील.' एवढे वाक्य बोलल्याने नावाड्याची जीभ मोकळी होते.

होडीत पाऊल टाकण्यापूर्वी दोन गोष्टी विचाराव्या. होडी उलटल्यास तरंगते काय? लाकडाची बहुधा तरंगते; पत्र्याची, तिच्यात हवाबंद पेटी नसेल तर, दगडासारखी तळास जाते. आणि लाईफ जॅकेटे किती आहेत? ती फळीखाली गठ्ठा करून ठेवलेली असतात आणि 'लागली तर काढू' असे सांगण्यात येते. हे घराला आग लागल्यावर विहीर खणण्यापैकीच झाले. जाकीट अंगात घालून पट्टे आवळावे. नंतर दोन्ही खांद्यांपाशी धरून वर ओढून पाहावे. कानापर्यंत सरकले तर ते त्या माणसास मोठे आहे. लहान मुलांच्या जाकिटास दोन पायांमधून घेण्याचा पट्टा असलाच पाहिजे, नाहीतर मूल खाली आणि जाकीट वर अशी अवस्था होते. स्त्रियांनी नऊवारी वा सहावारीचा पदर कमरेस घट्ट खोचावा. बसावयाचे ते खाली, मध्याजवळ. उभे राहून छायाचित्रे काढण्याची हौस काठावर भागवावी. पक्षी दिसला की सगळे एका अंगास धावतात, त्यापेक्षा मोठा धोका आम्हांस ठाऊक नाही. लाट आलीच तर होडीचे तोंड तिच्याकडे करून हळू चालावे, आडवी होऊ देऊ नये. आणि उलटलीच, तर होडी तरंगत असेतो ती सोडू नये. काठ जवळ दिसतो, पण पाण्यावरील अंतर डोळ्यांस नेहमी कमी वाटते. चांगले पोहणारेही तेथेच फसतात.

आता गळाविषयी. आमच्या घरात मासे शिजत नाहीत. तरी गळ धरून बसण्यात जी एकाग्रता आहे तिचा आम्हांस लहानपणापासून आदर आहे. शाकुंतलातील धीवर सर्वांस स्मरत असेलच. ज्याच्या पोटात दुष्यंताची अंगठी सापडली तो मासा रोहित, म्हणजे आपला रोहू. कटला पाण्याच्या वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी. एकाच घरात तीन बिऱ्हाडे नांदावी तसे. मात्र उजनीत आज भोयांच्या जाळ्यात मुख्यत्वे येते ती चिलापी. ही मूळची आफ्रिकेची. तिची एक जात १९५२ साली भारतात आणली गेली. मादी अंडी तोंडात धरून उबविते आणि वर्षातून अनेकदा वीण करते. मग ती सर्वत्र पसरली यात नवल नाही.

मासेमारीचा हक्क बहुधा मच्छीमारांच्या सहकारी संस्थेकडे वा ठेकेदाराकडे असतो. तेव्हा विचारल्यावाचून गळ टाकू नये. आपली ती करमणूक, त्यांची ती भाकरी. हौशी माणसाने होडीतून नव्हे, काठावरूनच, पहाटे किंवा ऊन उतरल्यावर बसावे. आमिषास कणकेची घट्ट गोळी पुरते. गांडूळ अधिक चांगले, पण ते टोचणे सर्वांस जमत नाही. मृग लागल्यावर पहिल्या पुरात रोहू-कटल्याची वीण होते. त्या दिवसांत अंड्यांनी भरलेली मादी लागली तर सोडून द्यावी. मरळ आपल्या पिलांस राखीत फिरतो. पाण्यावर तांबूस पिलांचा पुंजका दिसला तर त्याच्या खाली आईबाप आहेत हे ओळखावे आणि तेथे गळ टाकू नये. ते गेले तर पुंजका दुसरे मासे खाऊन टाकतात. सोडावयाचा मासा ओल्या हाताने धरावा. कोरड्या हातास त्याच्या अंगावरचा बुळबुळीत लेप निघून येतो आणि मग त्यास रोग जडतो. ठेवावयाचा असेल तो नावाड्याच्या घरी द्यावा. आमच्याकडून गेलेल्या माशाचे काय झाले हे आम्ही कधी विचारले नाही, पण दुसऱ्या दिवशी त्याचा मुलगा वर्गात प्रसन्न दिसे, एवढे खरे.

हिवाळ्यात भिगवण-कुंभारगावकडे जाणाऱ्यांस दुसराही रोहित भेटतो, तो पक्षी. उथळ पाण्यात मान उलटी घालून चोचीने चिखल गाळणारे त्यांचे थवे पाहण्यास दुरून लोक येतात. जवळून चित्र मिळावे म्हणून होडी थव्यात घालण्यास सांगू नये. ते उडाले की त्यांचे खाणे राहते, आणि आपल्यामागून येणाऱ्या होडीसही काही दिसत नाही. यांत्रिक होडीचा पंखा बंद करून वल्ह्याने जावे आणि लांबच थांबावे.

आणि तुटलेली दोरी पाण्यात टाकू नये. नायलॉनची ती बारीक तार दिसत नाही, कुजतही नाही. बगळ्यांच्या व पाणकावळ्यांच्या पायांत गुंतून राहते. परत निघताना ती बोटांभोवती गुंडाळून खिशात घालावी, आणि आकडा मात्र बुचात खोचून निराळ्या डबीत ठेवावा. घरी धुण्याच्या कपड्यांतून तो निघाला तर पुढच्या सुटीस परवानगी मिळत नाही.