नादारीचा अर्ज

आमच्या घरांत ‘नादारी’ हा शब्द कोणी मोठ्यानें उच्चारीत नसे. त्यामुळें गेल्या वर्षीं माझ्या पुतण्याला तालुक्याच्या गांवीं एका लहानशा अभियांत्रिकी कॉलेजांत जागा मिळाली आणि त्यानें फीच्या सवलतीची गोष्ट काढली, तेव्हां मला रागच आला. शिकवणीची फी ऐंशीं हजार. माझा धाकटा भाऊ भिक्षुकी करितो, मी पेन्शनर, चूल एकच. “मी जिवंत असतां आपल्या घरानें कमी उत्पन्नाचा दाखला मागावयाचा?” असें मी बोलून गेलों. भाऊ कांहींच बोलला नाहीं.

रागाखालीं एक शंकाहि होती. एकत्र कुटुंबांत राहून कमी उत्पन्न दाखविणें हा खोटेपणा नव्हे काय? तिचें निरसन करण्यासाठीं मी स्वतः कॉलेजांत गेलों. तेथील हेडक्लार्कांनीं शांतपणें सारें समजावून दिलें. शिष्यवृत्ति गुणांवर मिळते, फीची सवलत परिस्थितीवर, आणि कर्ज फेडावयाचें असतें. या तीन गोष्टींची मीं खिचडी केली होती. राजर्षि शाहू महाराजांच्या नांवच्या योजनेंत आईबापांचें मिळून वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आंत असेल, मुलगा महाराष्ट्राचा रहिवासी असेल आणि प्रवेश सरकारी फेरींतून झाला असेल, तर शिकवणीची निम्मी फी सरकार देतें. व्यवस्थापनाच्या कोट्यांतून प्रवेश घेणारास ती नाहीं; एका घरच्या पहिल्या दोन अपत्यांपुरतीच ती आहे. राहण्याजेवण्याचा खर्च तींत येत नाहीं. अर्ज दर वर्षीं करावा लागतो, आणि मुदत चुकली कीं हक्क असूनहि पैसे जातात. चुलत्याचें उत्पन्न कोणी विचारीत नाहीं. खोटेपणाचा प्रश्न मिटला; उरला तो माझा अभिमान.

रात्रीं मीं ही हकीकत वडिलांच्या कानांवर घातली. ते आतां ९३ वर्षांचे आहेत. १९४७ सालीं पुण्यास शिकत असतां ते वार लावून जेवत. ते म्हणाले, “अरे, सातहि घरचीं माणसें भलीं होतीं. तरी दुसऱ्यांदा भात मागावयास माझी जीभ कधीं उचलली नाहीं. शाळेंत मला नादारी होती; तिच्यापायीं मात्र कोणापुढें मान खालीं घालावी लागली नाहीं. नियम होता, मी त्यांत बसत होतों. तूं पैसे देशील रे. पण घेणाराचें काय?”

भावाचें तें मौन मला तेव्हां कळलें. माझ्या औदार्यानें मी त्याला माझ्याच घरीं वार लावावयास सांगत होतों.

विद्येला आश्रय ही आपल्याकडे नवी गोष्ट नाहीं. पेशवाईंत श्रावणांत पुण्यास विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वांटीत. इंग्रजी अमलांत त्याच निधींतून कॉलेजांत दक्षिणा-फेलो नेमूं लागले. पण ज्यांना वार लावावयास एकहि घर नव्हतें, त्यांचें काय? कोल्हापुरास शाहू महाराजांनीं १९०१ पासून निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठीं वसतिगृहें उघडविलीं तीं यासाठींच. आज त्यांच्याच नांवाची सवलत एका भिक्षुकाच्या मुलाला मिळते, याचा मला संकोच वाटावा कीं कृतज्ञता? विचार करितां संकोच गळून पडला.

दुसऱ्या दिवशीं भावाबरोबर मी तहसील कचेरींत गेलों. अर्जावर सही करितांना त्याचा हात जरासाहि थबकला नाहीं. उरलेली निम्मी फी मी देऊं केली, तेव्हां तो म्हणाला, “दादा, त्यांतले दहा हजार माझे. चातुर्मासांत जमतील.” मीं नको म्हटलें नाहीं.

वाचकांपैकीं कोणाच्या घरीं असा दाखला लाजेपायीं अडला असेल, तर त्यांनीं मुदतीची तारीख आधीं पाहावी. अभिमानाचा निकाल मागाहून लावतां येतो. आमच्या दाखल्याची एक प्रत मीं घरच्या खतपत्रांच्या पेटींत ठेविली आहे.