पायांपाशी

आमचे बाबा अंबरनाथच्या काडेपेटीच्या कारखान्यात ३० वर्षे यंत्रापाशी उभे राहिले. निवृत्तीनंतर त्यांना मधुमेह जडला. मी परिचारिका. दर रविवारी बदलापूरहून लोकलने येऊन त्यांची साखर तपासायची, पथ्याची चौकशी करायची. एका रविवारी ते पाय धुताना दिसले, की चपलेतून वर आलेली चूक टाचेत रुतून जखम चिघळली आहे. ‘‘दुखत नव्हतं गं, म्हणून बोललो नाही,’’ एवढेच ते म्हणाले. पुढे पाय गुडघ्याखाली कापावा लागला. माझ्या वहीत त्यांच्या साखरेचे सारे आकडे होते. पायांची नोंद एकही नव्हती.

हे शल्य उरी बाळगून मी पायांच्या निगेचे शिक्षण घेतले. पाश्चात्त्य देशांत ‘पोडियाट्री’ ही स्वतंत्र विद्याशाखा आहे. आपल्याकडे ती फारशी रुजलेली नाही. तरी तिचा एक मोठा धडा भारतातच मिळाला. १९४६ साली वेल्लोरला आलेले शल्यविशारद डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले, की कुष्ठरुग्णांची बोटे आपोआप झडत नाहीत; वेदनाच हरपल्याने नकळत होणाऱ्या इजांनी ती झिजतात. म्हणून मऊ रबरी तळाची चप्पल हाही उपचारच ठरला. मधुमेहींच्या बधिर पायांनाही हेच लागू पडते.

आता मी दर शनिवारी उल्हासनगरच्या एका दवाखान्यात बसते. नायलॉनचा बारीक तंतू तळव्यावर टेकवून वाकेपर्यंत दाबायचा. तो दाब १० ग्रॅमचा असतो. ज्याला तो जाणवत नाही, त्याचा पाय जपायला हवा.

फाळणीनंतर बालपणीच येथील छावणीत आलेल्या एका सिंधी आजींनी पाय मागे घेतले. लेकीने पायांना हात लावायचा नसतो, म्हणाल्या. ‘‘आजी, आज मला लेक नका समजू,’’ मी विनवले. त्यांच्या बोटांच्या बेचक्यात भेग निघाली. त्यांना पत्ताही नव्हता. महिन्याभरात ती भरून आली.

मदतीला येणाऱ्या मुलीने एकदा विचारले, ‘‘सिस्टर, लोकांचे पाय धरण्यात कसलं आलं करिअर?’’ पवित्र गुरुवारी वेदीपुढे धुतले जाणारे पाय मला आठवले. पण मी तिला बाबांचीच हकिकत सांगितली.

वाचकहो, आज रात्री घरातल्या थोरांचे तळवे उजेडात पाहा. ‘दुखत नाही’ या शब्दांवर विसंबू नका.