सभेतून उठणारा माणूस

उद्या कोथरूडला पाणी येणार नाही, एवढं खासगी एफएमवरचा आरजे सांगू शकतो. का येणार नाही, ते त्याला सांगता येत नाही. आपल्याकडे खासगी रेडिओला स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगी नाही. 2011च्या धोरणात थोडी ढील मिळाली, ती अशी: आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावा, आणि वाहतूक, हवामान, परीक्षांचे निकाल, वीज-पाणी यांच्या सूचना द्या, कारण सरकारच्या लेखी त्या बातम्या नव्हेतच. टीव्हीवर रात्री नऊला आठ-आठ चौकटींतून माणसं एकमेकांवर ओरडतात, ते चालतं. कानाची मात्र धास्ती, आणि ती कुठल्याही पक्षाचं सरकार असलं तरी तेवढीच. प्रक्षेपणाच्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 1995 सालीच सांगून ठेवलं होतं. खासगी एफएमला बातम्या देऊ द्या, पण तासाला दहा मिनिटं, अशी शिफारस दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने केली ती 2023 साली.

त्यामुळे पॉडकास्टचं वेड आपण अमेरिकेकडून उचललं, असं कुणी म्हणालं की मला ते अर्धंच पटतं. अमेरिकेत रेडिओवर राजकारणाच्या गप्पा ऐकायची सवय कित्येक पिढ्यांची. तिथे रेडिओवरचं बोलणं फोनवर आलं, इतकंच. आपल्याकडे ही जागाच रिकामी होती. 2016 नंतर मोबाइलचा डेटा स्वस्त झाला आणि परवाना न लागणारा रेडिओ प्रत्येकाच्या खिशात येऊन बसला.

अमित वर्मांचा ‘द सीन अँड द अनसीन’ हा पॉडकास्ट 2017 साली सुरू झाला तेव्हा त्याचे भाग आटोपशीर असत. पुढे ते चार-चार, पाच-पाच तासांवर गेले. नाव घेतलंय फ्रेदेरिक बास्तिया या फ्रेंच अर्थचिंतकाच्या 1850च्या निबंधावरून: धोरणाचे दिसणारे परिणाम सगळेच मोजतात, न दिसणारे कोण मोजणार? हिंदीत ‘पुलियाबाज़ी’ आहे, वॉशिंग्टनहून मिलन वैष्णव यांचं ‘ग्रँड तमाशा’ आहे, ‘इंडियन एक्स्प्रेस’चं ‘थ्री थिंग्ज’ आहे. ‘न्यूजलाँड्री’च्या ‘हफ्ता’मध्ये पत्रकार आठवडाभराच्या पत्रकारितेचीच धुलाई करतात, आणि ती जाहिरातींऐवजी वर्गणीदारांच्या पैशावर. मराठीत बीबीसीची ‘सोपी गोष्ट’, गिरीश कुबेरांचं ‘दृष्टी आणि कोन’, विनायक पाचलगांची ‘थिंक बँक’. यातलं बरंचसं खरं म्हणजे बघायचं असतं, पण मी फोन ओट्यावर उपडा ठेवते आणि ऐकते.

ओट्यापाशी उभं राहून मी जे अर्थशास्त्र शिकले ते वर्गात बसून शिकले नसते. रिझर्व्ह बँकेची सहा जणांची पतधोरण समिती, तिला 2016 पासून नेमून दिलेलं चार टक्के महागाईचं लक्ष्य, वर-खाली दोन टक्क्यांची मुभा, व्याजदर वाढवले तर भाजीचे भाव कसे काय उतरतील हा रास्त प्रश्न. हे सगळं वर्तमानपत्रात रकानेच्या रकाने छापून येत होतंच, आणि मी पान उलटत होते. डोळ्यांना पळवाट असते. हात पिठात असले की कानाला ती नसते, मग माणूस ऐकतो. शिवाय बोलणाऱ्याला वेळ असतो. मध्येच एखादा अभ्यासक थांबतो आणि म्हणतो, इथे आकडे नीट नाहीत, मी ठाम सांगू शकत नाही. टीव्हीवर हे वाक्य ऐकल्याचं कुणाला आठवतंय का?

तरी एक गोष्ट मला खुपते. आवाज ओळखीचा झाला की आपण तपासणं सोडून देतो. अमक्याला खोकला झालाय, तमक्याचं बाळ मागे रडतंय, इथपर्यंत माहिती झालेल्या माणसाचं वित्तीय तुटीवरचं मत आपल्याला घरच्या माणसाच्या मतासारखं वाटू लागतं. काही कार्यक्रमांत तोच गळा, त्याच जिव्हाळ्याने, मध्येच गादीची नाहीतर गुंतवणुकीच्या ॲपची जाहिरात वाचतो, आणि क्षणभर तीही आपल्याला पटते. हे पुढाऱ्यांनी बरोबर हेरलं. ऑक्टोबर 2024 मध्ये डोनाल्ड ट्रम्प पॉडकास्टर जो रोगन यांच्यासमोर तीनेक तास बसले. पुढच्या जानेवारीत आपल्या पंतप्रधानांनी निखिल कामत यांच्याशी दोनेक तास गप्पा मारल्या, आणि मार्चमध्ये लेक्स फ्रिडमन यांच्याशी तीनेक तास. मुलाखत लांबली म्हणजे खोल गेली, हा समज या माध्यमाने रूढ केलाय आणि तो फारच सोयीचा आहे. पाच मिनिटांत विचारता येईल असा एक अवघड प्रश्न तीन तासांत सहज हरवून जातो. बालपण, साधना, अपयशातून काय शिकलात, असं करत गाडी शेवटच्या स्थानकावर येते.

बोलून अर्थकारण समजावण्याची रीत महाराष्ट्राला नवी नाही. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली सुरू केली. भारतीय अर्थशास्त्राचा पाया मानलं जाणारं त्यांचं विवेचनही आधी भाषणच होतं, 1892 साली डेक्कन कॉलेजात दिलेलं. नानी पालखीवाला 1958 मध्ये मुंबईतल्या एका हॉटेलच्या छोट्या सभागृहात अर्थसंकल्पावर बोलू लागले. ती गर्दी वाढत वाढत पार ब्रेबर्न स्टेडियमवर गेली. अर्थसंकल्प ऐकायला क्रिकेटच्या मैदानात माणसं! आणि शरद जोशी. स्वित्झर्लंडमधली संयुक्त राष्ट्रांची नोकरी सोडून ते चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू शेती करायला आले आणि कांदा पिकवणाऱ्यांसमोर उभं राहून उत्पादन खर्चाचा हिशेब मांडू लागले. मला या परंपरेत वक्त्यांपेक्षा समोरच्यांचं अप्रूप जास्त. व्याख्यानमालेत चिठ्ठ्या येतात, त्यातली एखादी तिरकी असते. शेतकऱ्यांच्या सभेत तर हिशेबात मजुरी कमी धरली की मागून कुणीतरी उठतोच. वक्त्याला तिथल्या तिथे आकडा दुरुस्त करावा लागतो किंवा त्याचं समर्थन करावं लागतं. पॉडकास्टमधून हा उठणारा माणूस गळून पडलाय. त्याच्या जागी दुसरा सूत्रसंचालक असतो, तो बहुधा पहिल्याचा मित्र असतो, आणि त्यांचे मतभेदसुद्धा पुस्तकांच्या एकाच कपाटातले असतात.

हे मला नीट दिसलं ते डिसेंबर 2023 मध्ये. माझे मामा निफाड तालुक्यात राहतात. त्या महिन्यात केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. आधी ऑगस्टमध्ये चाळीस टक्के निर्यातशुल्क लावलं होतंच, आता दारच लावून घेतलं. लाल कांदा बाजारात यायचा तो मोसम. उन्हाळ कांदा चाळीत भरून चार-पाच महिने भावाची वाट बघता येते, लाल कांदा टिकत नाही, काढला की विकावाच लागतो. व्यापाऱ्यांनी लिलावाकडे पाठ फिरवली, चांदवडला शेतकरी महामार्गावर बसले. मी तिकडेच होते. मामांच्या ओसरीवर बसून महागाईवरचा एक चांगला, अभ्यासू, इंग्रजी कार्यक्रम ऐकत होते. मामांनी विचारलं, काय म्हणतोय? मी जमेल तसं मराठीत सांगत गेले: खाद्यपदार्थांची महागाई चिंतेची आहे, कांदा-टोमॅटोचे भाव फार वर-खाली होतात, सरकारने पुरवठ्याच्या बाजूने वेळीच पावलं उचललीत, आता दबाव कमी होईल.

“पावलं कुणाच्या अंगावर उचलली, ते सांगितलं का त्याने?” मामा म्हणाले.

ते त्या भागात नव्हतं. खोटं काहीच नव्हतं, आकडे बरोबर होते, सूर सभ्य होता. फक्त त्या तासाभरात कांदा एकदाही शेतात नव्हता, तो सतत ताटात होता. ‘न दिसणारे परिणाम’ दाखवायचे म्हणून जन्मलेल्या या प्रकाराला लासलगावचा ट्रॅक्टर का दिसू नये? बोलणारे शहरात राहतात हे कारण आहेच, पण तेवढंच नाही. खोलीत उठून उभा राहणारा कुणी नव्हता. मामांचं वाक्य ओसरीवरच राहिलं, कारण त्या यंत्राला ऐकायचं भोकच नाही. खाली प्रतिक्रिया लिहिता येते म्हणा, पण बोलणाऱ्याला वाक्य अर्ध्यावर तोडावं लागत नाही तोवर त्याला काय फरक पडतो? निर्यातबंदी मे 2024 मध्ये, दिंडोरी आणि नाशिकच्या मतदानाच्या थोडं आधी, उठली. तीही किमान निर्यातमूल्य आणि चाळीस टक्के शुल्काचं शेपूट ठेवून. दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्री हरल्या. निकालानंतर कांद्याला माझ्या इअरफोनमध्येही जागा मिळाली, पण आता ‘निवडणुकीतला घटक’ म्हणून. भाव अजूनही बाहेरच उभा होता.

मामांना पॉडकास्ट हा शब्द ठाऊक आहे, पण ते त्याला ‘तुझं ते कानातलं’ म्हणतात. त्यांचं स्वतःचं वेगळं आहे. कांदा उत्पादकांच्या एका व्हॉट्सॲप गटावर ते रोज दुपारी आवाजी संदेश टाकतात. त्यात लासलगावचा दर असतो, पिंपळगावचा असतो, मग बांगलादेशच्या सीमेवर काय चाललंय, मग कृषिमंत्र्यांचं कालचं विधान, त्यावर मामांची शेलकी टिप्पणी, मध्येच बैलांना हाकारणं आणि मामीला चहाची ऑर्डर. संपादन शून्य. मला त्यांनी हौसेने त्या गटात घेतलंय. परवाच्या संदेशात त्यांनी नाफेडच्या खरेदीचं गणित मांडलं होतं, ऐकायला अगदी चोख. तो संपायच्या आत खाली येवल्याच्या कुणाचा संदेश टपकला: “काका, तुम्ही प्रतवारीत नाकारलेला माल धरलाच नाही. परत हिशेब करा.” मामांनी संध्याकाळी परत केला, आणि तेवढ्यात बारदान्याच्या खर्चावरून तिसराच कुणीतरी उठला.