विजयदुर्ग, १७५६ : जळाले ते आरमार कोणाचे?

१/ वाघोटन खाडीच्या मुखाशी उभा असलेला विजयदुर्ग तीन बाजूंनी जलवेष्टित आहे. आदिलशाहीकडून हा दुर्ग जिंकून शिवाजी महाराजांनी त्याची तटबंदी बळकट केली. कान्होजी आंग्र्यांच्या काळात, १७२० मध्ये इंग्रज आणि १७२४ मध्ये डच त्यावर चालून आले. दोघेही रिकाम्या हातांनी परतले.

२/ १७२९ मध्ये कान्होजी निवर्तले आणि पुत्रांत भाऊबंदकी माजली. पुढे विजयदुर्ग तुळाजी आंग्र्यांकडे आला. ते पेशव्यांची आज्ञा मानीत नसत. नानासाहेब पेशव्यांची तक्रार निराधार नव्हती. परंतु त्यांनी योजिलेला उपाय घातक ठरला. १७५५ मध्ये त्यांनी मुंबईकर इंग्रजांशी तह केला आणि त्याच वर्षी कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला.

३/ फेब्रुवारी १७५६. समुद्रावर अ‍ॅडमिरल वॉटसनच्या युद्धनौका, त्यांवर रॉबर्ट क्लाइव्हचे सैनिक आणि जमिनीवर पेशव्यांची फौज. तुळाजी बोलणी करण्यासाठी मराठ्यांच्या छावणीत गेले होते. १२ तारखेला तोफा धडाडल्या. एक गोळा आंग्र्यांच्या जहाजावर पडला आणि आग भडकली. जहाजे एकमेकांना बांधलेली होती. पाहता पाहता सारे आरमार भस्मसात झाले.

४/ दुर्ग मराठ्यांच्या हाती पडू नये म्हणून क्लाइव्हने आपले सैनिक मध्येच उतरवले. १३ तारखेला दुर्ग शरण आला, तो इंग्रजांना. सुमारे १० लाख रुपयांची लूट त्यांनी आपसांत वाटून घेतली. पेशव्यांना विजयदुर्ग मिळाला तो ऑक्टोबरमधील तहाने, आणि बाणकोट इंग्रजांकडेच राहिले. तुळाजींचे उर्वरित आयुष्य मराठ्यांच्या कैदेत गेले.

५/ मराठ्यांचे आरमार त्या दिवशी संपले, असे मात्र म्हणता येत नाही. विजयदुर्गावरूनच आनंदराव धुळपांनी ते पुन्हा नांदते केले आणि १७८३ मध्ये इंग्रजांचे 'रेंजर' जहाज पकडले. तरीही आंग्र्यांचा दरारा परतला नाही. १८१८ मध्ये दुर्ग कायमचा इंग्रजांकडे गेला.

६/ वॉटसनचे बळ मोठे होते, हे खरेच. पण १७२० आणि १७५६ या दोन स्वाऱ्या शेजारी ठेवून पाहाव्यात. शत्रू तोच, समुद्र तोच, दुर्गही तोच. दुसऱ्या खेपेस मात्र जमिनीच्या बाजूने दुर्गाला वेढणारी फौज मराठ्यांचीच होती.