चष्म्यावरचा मैदा

आमच्या लोणारात बर्फ दिसतो तो सरबताच्या गाडीवर! पण माझा धाकटा सैन्यात वैमानिक आहे. नाशिकला शिकला आणि दोन वर्षं सियाचीनला 'चीता' हेलिकॉप्टर चालवून आला. १९८४ पासून तिथल्या उंच चौक्यांना सामान पोचवायचं, आजारी जवान खाली आणायचे, ते मुख्यतः हेलिकॉप्टरनं.

तिथं असताना हवा बिघडली, उड्डाण रद्द झालं आणि बहिणीचं लग्न त्याला चुकलं. मी महिनाभर त्याच्याशी धड बोलले नाही. "थोडं धाडस केलं असतंस तर?" असंही टोचलं. आता सांगायलाही लाज वाटते.

गेल्या दिवाळीत मी करंज्यांसाठी मैदा चाळत होते. हा आला आणि पंखा लावला. झालं! ओटा, पातेलं, माझा चष्मा, सगळं पांढरंफेक. मी ओरडले, पण तो हसला नाही.

"आई, उतरताना अस्संच होतं. पात्यांच्या वाऱ्यानं भुसभुशीत बर्फ उडतो. जमीन कुठं, आभाळ कुठं, कळत नाही."

"मग रे?"

"एखादा काळा दगड, डबा हेरायचा. नजर त्याच्यावरच. जमिनीलगत तरंगत रेंगाळायचं नाही. दगड दिसेनासा झाला, की उतरायचा हट्ट सोडून वर उठायचं."

निघण्याआधी पात्यांवर गोठलेलं हिम काढावं लागतं म्हणे, नाहीतर यंत्र नीट उचलत नाही. हवा विरळ, म्हणून ओझंही किलोकिलोनं मोजायचं.

मी पंखा बंद केला. चष्मा पुसायला मात्र जरा वेळच लागला.