जोडीतला एक गेल्यावर

पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या आम्हा डॉक्टरांना दिवाळीच्या सुमारास एक फोन हमखास येतो. जोडीतला एक पक्षी मेलेला असतो आणि पलीकडून विचारणा होते, "डॉक्टर, दुसरा लगेच आणू का? हा एकटा ओरडून ओरडून जीव देईल." मी उलट विचारतो, "पहिला कशानं मेला?" बहुतेकांना ते सांगता येत नाही. मुलं उठायच्या आत पक्ष्याला कुंडीत पुरून मोकळे झालेले असतात आणि पाय नव्या पक्ष्यासाठी मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटकडे वळलेले असतात.

एकट्या उरलेल्या पक्ष्याचं दुःख खोटं नाही. बजरीगर, कॉकाटील हे ऑस्ट्रेलियातले थव्यानं राहणारे पक्षी. जोडीदार दिसेनासा झाला की ते त्याला हाका मारत राहतात, दाणे कमी खातात, काही जण स्वतःची पिसं उपटतात. पण या ताणातच अंगात दबून असलेला आजार डोकं वर काढतो. म्हणून पहिले काही दिवस शोक आणि आजार यांत फरक करणं हेच खरं काम.

ते घरीही जमतं. स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा घ्या आणि रोज सकाळी दाणे घालण्याआधी वजन लिहून ठेवा. बजरीगर साधारण तीस-चाळीस ग्रॅमचा असतो. त्यात तीन-चार ग्रॅमची घट म्हणजे धोक्याची खूण. पिसं फुलवलेला पक्षी वरून गुबगुबीत दिसतो, पण छातीच्या मधल्या हाडावर बोट फिरवा. निरोगी पक्ष्यात दोन्ही बाजूंना मांस भरलेलं लागतं, खंगलेल्यात ते हाड सुरीच्या पात्यासारखं टोचतं. पिंजऱ्याच्या तळाशी पांढरा कागद घाला. विष्ठेत राळ्याचे दाणे न पचता अख्खे पडत असतील, तर बजरीगरमध्ये जठराच्या यीस्टचा संसर्ग असू शकतो. तो विष्ठेतून पसरतो, म्हणजे गेलेल्याला झाला असेल तर उरलेल्यालाही असण्याची शक्यता दाट.

मेलेला पक्षी पुरण्याआधी म्हणूनच थांबा. पिशवीत गुंडाळून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. फ्रीजरमध्ये नको, गोठल्यानं पेशी फुटतात आणि तपासणी बिघडते. परळ, शिरवळ, नागपूर इथं पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथं किंवा आपल्या डॉक्टरांकडे शवविच्छेदनाची चौकशी करा, शक्यतो त्याच दिवशी. मृत्यूचं कारण संसर्ग नसून घरातलंच काही असेल, तर तेही कळायला हवं. नॉनस्टिक तवा रिकामा तापत राहिला, तर त्याच्या लेपातून निघणारा वायू पक्ष्याला काही मिनिटांत मारतो, आणि माणसाला पत्ताही लागत नाही. तवा तोच राहिला तर नवा पक्षीही त्याच वाटेनं जाईल.

कारण कळलं, उरलेला तपासून झाला, पिंजरा घासूनपुसून निर्जंतुक केला, जुन्या लाकडी दांड्या फेकल्या, की मग नव्याचा विचार. नवा पक्षी आला की निदान महिनाभर, जमल्यास पंचेचाळीस दिवस, वेगळ्या खोलीत. पोपटवर्गीय पक्ष्यांचा सिटॅकोसिस हा आजार वरून ठणठणीत दिसणाऱ्या पक्ष्यातही लपून असतो आणि वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून माणसालाही होतो. "डॉक्टर, वन बीएचकेत वेगळी खोली कुठून आणू?" असं लोक विचारतात. मग महिनाभर पक्षी नसलेल्या नातेवाइकांकडे ठेवा. घरीच ठेवणार असाल तर आधी जुन्याचं दाणापाणी करा, मग नव्याचं, आणि हात धुवा.

ओळख करून देताना पिंजरे आधी एका खोलीत लांब ठेवा, मग जवळजवळ आणा. दोघं जाळीलगतच्या दांडीवर येऊन बसू लागले, एकाच वेळी खाऊ-झोपू लागले, की पिंजऱ्याबाहेर गाठ घालून द्या. एकत्र ठेवताना दांड्या आणि वाट्यांच्या जागा बदला, म्हणजे जुन्याचा मालकी हक्क ढिला पडतो. दाण्याच्या वाट्या दोन हव्यात. अंडी घालायचं मडकं काढून टाका. बजरीगरच्या माद्या त्यावरून रक्त निघेपर्यंत भांडतात. नाकावरची पट्टी प्रौढ नरात बहुधा निळी, मादीत तपकिरी असते, ती पाहून घ्या. बजरीगरला जोडीदार म्हणून आफ्रिकी लव्हबर्ड आणू नका, तो पायाची बोटं चावून तोडतो. आणि आपला राघू तर कोणाच्याच सोबतीला नको. देशी पोपट पाळणं 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे.

माणसाळलेल्या पक्ष्याला दुसरा पक्षी लागतोच असंही नाही. घरातलं कोणी रोज तास-दोन तास त्याच्याशी बोलणार असेल, तर म्हातारा कॉकाटील एकटाही सुखात राहतो. दांडग्या तरुण जोडीदाराचा त्याला उलट जाचच होतो.

तेव्हा घाई नको. फटाक्यांचा धूर आणि आवाज यांत नवा पक्षी घरी आणूच नका. तुळशीचं लग्न होऊन जाऊ द्या. तोवर उरलेल्याचा पिंजरा आतल्या खोलीत हलवा, रोजचं वजन लिहा आणि त्याला एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या.